अनुभव धागा: कामाच्या ठिकाणची वर्गणी आणि सोलापुरातल्या सेवा

सोलापुरात कामावरची वर्गणी कुणाला नवी नाही. गणपती आला, गड्डा (संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा) आला, आषाढीची दिंडी आली की वही फिरते आणि ज्याला जे जमेल ते तो लिहितो. पण सिव्हिलमधल्या रुग्णांच्या नातेवाइकांचं जेवण, बिडी वळणाऱ्या बायकांच्या मुलांचं पाळणाघर, वॉकर-व्हीलचेअर देणारं केंद्र, वस्तीतली अभ्यासिका ही कामं वर्षाचे बारा महिने चालतात. त्यांना एका दिवसाचा उत्साह पुरत नाही. कारखाना, बँक, कार्यालय, दुकान अशा ठिकाणी या कामांसाठी पैसा उभा करणाऱ्यांनी आणि तो स्वीकारणाऱ्यांनी इथं लिहावं. आठवणींपेक्षा क्रम, रकमा, कागद आणि कुठं चुकतं ते सांगा. संस्थांची नावं टाळा, म्हणजे चर्चा कामावर राहील.

पगारपत्रक सांभाळणारे, चिंचोळी एमआयडीसी

पगारातून कपात हा सगळ्यात टिकणारा मार्ग आहे, पण त्याचं संमतीपत्र नीट हवं. त्यात सहा गोष्टी घ्या: नाव, कर्मचारी क्रमांक, दरमहा रक्कम, सुरू होण्याचा महिना, संपण्याचा महिना आणि संस्थेचं पूर्ण नोंदणीकृत नाव. "पुढील सूचनेपर्यंत" असं कधीही लिहून घेऊ नका. एप्रिल ते मार्च असं एकच वर्ष घ्या आणि मार्चमध्ये नव्यानं विचारा. खाली एक ओळ ठळक हवी: "कोणत्याही महिन्याच्या २० तारखेपर्यंत कळवल्यास कपात थांबेल, कारण विचारलं जाणार नाही." लेखी संमतीशिवाय एक रुपयाही कापायचा नाही. युनियनने ठराव केला किंवा साहेबांनी सूचनाफलकावर लावलं, म्हणजे संमती झाली असं होत नाही.

रक्कम टक्क्यांत मागू नका. ५०, १००, २०० असे सरळ आकडे ठेवा. १४० जणांनी ५० रुपये दिले तर महिन्याला ७,००० आणि वर्षाला ८४,००० होतात. एवढ्यात एखाद्या पाळणाघराच्या दुधा-खाऊची बाजू सांभाळता येते. "एक दिवसाचा पगार द्या" यातून रक्कम एकदम मोठी येते, पण दुसऱ्या वर्षी तेच लोक हात आखडता घेतात. महिन्याला ५० देणारा चार-चार वर्षं देत राहतो.

पगारचिठ्ठीत ही कपात स्वतंत्र ओळीत दाखवा. पतसंस्थेच्या हप्त्यात मिसळली की महिनाभरात तक्रार येतेच. कापलेले पैसे १० तारखेच्या आत संस्थेच्या खात्यावर गेले पाहिजेत आणि खतावणीतलं ते खातं दर महिन्याला शून्यावर आलं पाहिजे. तीन महिने साठवून एकदम देऊ असं म्हटलं की पैसा कंपनीच्या रोजच्या खर्चात मिसळतो आणि मग तो बाहेर काढताना धावपळ होते. नोकरी सोडणाऱ्याच्या शेवटच्या हिशेबातून ही कपात करू नका. ठेकेदाराकडच्या कामगारांची कपात तर करूच नका. त्यांचं पगारपत्रक आपल्या हातात नसतं, त्यामुळे पैसा कुठं थांबला ते शोधता येत नाही.

आता ८०जी, म्हणजे देणगीवर मिळणारी आयकर सवलत. सगळ्यात जास्त नाराजी इथं होते. कंपनीने सगळ्यांचे ८४,००० एकगठ्ठा दिले आणि संस्थेनं कंपनीच्या नावानं एकच पावती फाडली, तर एकाही कामगाराला सवलत मिळत नाही. रकमेबरोबर यादी द्यावी लागते: नाव, पत्ता, पॅन, रक्कम, रोख की बँकेतून. याच यादीवरून संस्था आयकर खात्याकडे १०बीडी विवरणपत्र भरते आणि देणाऱ्याला १०बीई प्रमाणपत्र देते. दोन्हीची मुदत आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मे. उशीर झाला तर संस्थेला दिवसाला २०० रुपये शुल्क बसतं, म्हणून यादी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच हातात द्या. १ एप्रिल २०२६ पासून २०२५चा नवा आयकर कायदा लागू आहे. ८०जी, १०बीडी, १०बीई हे क्रमांक जुन्या कायद्यातले; नव्यात कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे नव्या वर्षाच्या पत्रकावर जुने क्रमांक छापू नका.

आणखी तीन गोष्टी कामगारांना आधीच सांगा. नवी करप्रणाली घेतलेल्याला ही सवलत नाही. २,००० रुपयांवरची रोख देणगी सवलतीत धरली जात नाही. आणि पावती लेखा विभागात दिली म्हणून टीडीएस कमी होत नाही. पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री सहायता निधीसारखे ठरावीक निधी सोडले, तर बाकी देणग्यांची सवलत ज्याची त्याने रिटर्न भरताना घ्यायची असते. हे आधी सांगितलं नाही तर मार्चमध्ये "आमची पावती खाल्ली" अशी ओरड होते.

टॉवेल कारखान्यातून, पूर्व भाग

वरचं सगळं पगारचिठ्ठी असलेल्यांसाठी झालं. आमच्याकडे यंत्रमागावर मजुरी आठवड्याला आणि पुष्कळ ठिकाणी रोख. तिथं कपात नाही, पेटीच चालते. पण पेटीलाही शिस्त आहे.

पेटी पत्र्याची घ्या, दोन कुलपांची. एक किल्ली कामगारांनी निवडलेल्या माणसाकडे, दुसरी दिवाणजीकडे. पगाराच्या टेबलावर पेटी ठेवू नका. मालकासमोर पैसे टाकावे लागले की लाजेनं १० पडतात आणि मनात राग राहतो. ती पाणी प्यायच्या जागेजवळ किंवा बाहेर पडायच्या दाराशी ठेवा. पगाराच्या दिवशीच उघडा, तिघांसमोर मोजा, आणि रक्कम खडूनं फळ्यावर लगेच लिहा. संध्याकाळपर्यंत थांबलात तर तेवढ्या वेळात चार वेगवेगळे आकडे फिरतात.

चिठ्ठी मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चारही भाषांत हवी. फक्त मराठीत लावली तर अर्ध्या खात्याला ती मालकाची नोटीस वाटते. मजकूर चार ओळींचा पुरे: पैसा कशासाठी, कुणाला, किती आठवडे, हिशेब कुठं लागेल.

नाण्यांचा प्रश्न येतो. बँकेत सुटी नाणी ओतली की रांगेतले लोक चिडतात आणि कॅशियरही वैतागतो. १००-१०० नाण्यांच्या प्लास्टिकच्या पिशव्या करून वर आकडा लिहून न्या, काम दहा मिनिटांत होतं.

कधी मागावं यावर आमच्याकडे दोन मतं आहेत. दिवाळीच्या बोनसच्या आठवड्यात माणसाच्या हातात पैसा असतो हे खरं. पण तो किराणा, कपडे आणि उसनवारी यांत आधीच वाटला गेलेला असतो. त्या आठवड्यात पेटी फिरली की मागणारा डोळ्यांत खुपतो. संक्रांत आणि गड्ड्याची गर्दी ओसरल्यावर, म्हणजे जानेवारीच्या शेवटी सुरू करा. मार्चपर्यंत आठ आठवडे मिळतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा कारखान्यात थांबून कुणी ऐकत नाही.

रोख सोडून आणखी एक वाट आहे: कडा, तुकडे, दुय्यम माल. मालक तयार असेल तर चिंध्या विकून येणारी रक्कम या कामाला लावता येते. फक्त ती मालकाच्या वहीत त्याची देणगी म्हणून दिसू द्या, कामगारांच्या वर्गणीत मिसळू नका. डाग पडलेले टॉवेल सरळ संस्थेला द्यायचे तर धुऊन, गाठी न मारता, २५-२५च्या गठ्ठ्यांत द्या. रुग्णसेवेत ते फार लागतात.

बिडी कामगारांमध्ये काम करणाऱ्या

थोडंच लिहिते. बिडी वळणाऱ्या बायकांकडून वर्गणी मागताना एक लक्षात ठेवा. त्यांची मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबानं, आणि छाट निघाली, म्हणजे खराब म्हणून बिड्या बाजूला काढल्या, की ती आधीच कमी होते. ब्रँचमध्ये (वळलेल्या बिड्या जमा करायच्या केंद्रात) माल देताना, मजुरी हातात पडण्याआधी "सेवेसाठी ५ रुपये" कापले तर ते त्यांना छाटीसारखंच वाटतं, आणि तसं वाटण्यात त्यांची काही चूक नाही. पैसे पूर्ण हातात द्या. मागायचं ते वस्तीत, बचत गटाच्या बैठकीत मागा. कुंभारीचं घरकुल असो की रे नगर, या कामगार वसाहतींत बायका पैशापेक्षा वेळ सहज देतात. पाळणाघरात आठवड्यातून दोन तास पाळीनं बसणं ही वर्गणीच आहे. तिची नोंद वहीत तासांत ठेवा आणि वार्षिक हिशेबात पैशांच्या शेजारी मांडा.

बँकेतून

क्यूआर कोडबद्दल. गोळा करणाऱ्याच्या स्वतःच्या खात्याचा क्यूआर वापरू नका, मग तो माणूस कितीही विश्वासाचा असो. महिन्याभरात त्याच्या खात्यात शंभर-दीडशे छोट्या रकमा येतात. त्या त्याच्या उत्पन्नापासून वेगळ्या दाखवणं पुढं अवघड जातं, आणि देणाऱ्याला ८०जी मिळायचा मार्ग तिथंच बंद होतो. संस्थेच्या खात्याचाच क्यूआर मागून घ्या. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर जे नाव दिसतं ते संस्थेच्या नावाशी जुळतंय का, हे पहिल्यांदा १ रुपया टाकून तपासा.

नोंदीच्या रकान्यात कर्मचारी क्रमांक लिहायला सांगा. नाहीतर मार्चमध्ये "अमुक तारखेला २०० टाकलेले कोण" हे शोधण्यात दोन दिवस जातात. छापलेला क्यूआर कँटीनच्या भिंतीवर उघडा चिकटवू नका. वर दुसरं स्टिकर लावून पैसे वळवण्याचे प्रकार होतात. तो काचेखाली लावा आणि आठवड्यातून एकदा स्वतः स्कॅन करून बघा.

आपला गट नोंदणीकृत नसेल आणि तुम्ही कार्यालयाबाहेरच्या लोकांकडूनही पैसे घेणार असाल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०च्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं काढतात तीच. म्हणून मोहीम कार्यालयाच्या आत ठेवा आणि पावती पुस्तक नोंदणीकृत संस्थेचंच वापरा. पुस्तक घेताना पहिला आणि शेवटचा पावती क्रमांक लिहून सही द्या. परत करताना रद्द झालेल्या पावत्याही दोन्ही प्रतींसह परत करा. फाडून टाकलेली एक रद्द पावती पूर्ण पुस्तकावर संशय आणते.

रुग्णसाहित्य केंद्र चालवणारे

वर्गणी करणाऱ्यांना वस्तू घ्यायला आवडतं, कारण वस्तूवर नाव घालता येतं. आम्हाला वस्तू हव्याच असतात. पण कोणत्या, ते आधी विचारा.

व्हीलचेअर: साधारण रुंदी २५-२६ इंच. जुन्या चाळींत आणि पत्र्याच्या घरांत आतलं दार आणि संडासाचं दार त्याहून अरुंद असतं. अशा घरांसाठी अरुंद बैठकीची आणि घडी होणारी खुर्ची घ्या. टायर भरीव रबराचे घ्या. हवेच्या टायरची खुर्ची महिनाभर पडून राहिली की टायर बसतात आणि पंक्चरवाल्याकडे न्यायला कुणी नसतं.

फाउलर कॉट (डोक्याची आणि पायांची बाजू वर-खाली होणारी रुग्णखाट): दोन हँडलची आणि पूर्ण सुटी होणारी. अखंड कॉट अरुंद जिन्यातून वर जात नाही. हवेची गादी दिलीत तर बरोबर जोडपट्टीचा संच आणि एक जादा पंप द्या. गादी क्वचितच फाटते, बंद पडतो तो पंप.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र): पाच लिटरच्या यंत्राला साधारण ३५० वॉट वीज लागते, ती सलग. विजेच्या चढउताराला स्टॅबिलायझर हवा. बाहेरची जाळी आठवड्याला धुवायची. आपल्याकडच्या धुळीत ती लवकर भरते. यंत्र वापराविना पडून राहिलं की आतला झिओलाइट (हवेतला नायट्रोजन धरून ठेवणारा पदार्थ) ओल शोषतो आणि ऑक्सिजनची शुद्धता घसरते. म्हणून ते महिन्यातून एकदा तरी काही तास चालवावं लागतं आणि मीटरनं तपासावं लागतं. शुद्धता ९० टक्क्यांच्या आसपास किंवा वर हवी. मीटर घेतल्याशिवाय यंत्र घेऊ नका. आकडा न बघता रुग्णाच्या घरी यंत्र देणं धोक्याचं आहे.

म्हणून आमची मागणी अशी: १०० रुपये गोळा झाले तर ८०-८५ची वस्तू घ्या आणि १५-२० दुरुस्तीसाठी वेगळे द्या. दुरुस्तीच्या पैशावर नाव घालता येत नाही, पण वस्तू फिरती राहते ती त्याच पैशानं. कोपऱ्यात नावासह पडलेल्या मोडक्या खुर्च्या कुठल्याही केंद्रात बघायला मिळतील.

वॉकर, कमोड खुर्ची आणि काठ्या या तीन वस्तू कधीच पुरत नाहीत. मोठं काही जमत नसेल तर याच द्या.

सिव्हिलजवळ अन्नसेवा

श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात जिल्ह्यातूनच नाही, तर धाराशिवकडून आणि कर्नाटकाच्या सीमेवरच्या गावांतूनही रुग्ण येतात. बरोबरच्या माणसाची जेवणाची सोय नसते. कार्यालयांना "आमच्यातर्फे एक दिवस" असं करायचं असतं. त्यांच्यासाठी १०० माणसांचा हिशेब देतो.

भाकरी, आमटी, भात: ज्वारीचं पीठ २० ते २५ किलो (किलोला ८-१० भाकरी, माणशी दोन), तूरडाळ ४ किलो, तांदूळ ७-८ किलो, तेल दीड लिटर. खिचडी करायची तर तांदूळ ९ किलो आणि मुगडाळ ४ किलो. शेंगाचटणी दीड किलो पुरते, पण आंबट-तिखट बेताचं ठेवा. त्यातला घास रुग्णाच्या तोंडीही जातो.

भाकरी विकत घ्यायची तर आदल्या दिवशीच सांगून ठेवा. शंभर माणसांच्या दोनशे भाकऱ्या एका घरच्या चुलीवर वेळेत होत नाहीत, दोन-तीन बचत गटांत वाटून द्या. कडक भाकरीचा इथं मोठा फायदा आहे. ती टिकते, त्यामुळे उरली तर वाया जात नाही आणि नातेवाइकाला रात्रीसाठी बांधूनही देता येते. भात आणि आमटी उन्हाळ्यात दोन-तीन तासांत वाटून संपली पाहिजे. सकाळी नऊला शिजवून दुपारी एकला वाढणं बंद करा. त्यातूनच उलट्या-जुलाब होतात.

वॉर्डात शिरून वाटायचं नाही. रुग्णालयाची परवानगी, ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ हवी. अख्ख्या गावाला गणेशोत्सवात आणि वाढदिवसालाच दान सुचतं. त्या दिवशी एकाच वेळी तीन ठिकाणांहून जेवण येतं आणि पुढचे चार दिवस काहीच येत नाही. त्यामुळे तारीख तुम्ही ठरवू नका, आम्हाला विचारा. बुधवार, गुरुवार असा महिन्यातला एक मोकळा वार धरून वर्षभर तोच घेणारं कार्यालय आम्हाला दहा वाढदिवसांहून जास्त उपयोगी पडतं.

चादर-चटणीचा स्टॉल लावणाऱ्यांसाठी

दोनच सूचना. खाद्यपदार्थ घरून करून आणू नका. अन्नसुरक्षा नोंदणी असलेल्या बचत गटाकडून विकत घ्या आणि विक्रीतून वर उरणारी रक्कम कामाला लावा. आणि तिकीट विकून लकी ड्रॉ काढू नका. बक्षीस सोलापुरी चादरीचं असलं तरी पैसे घेऊन सोडत काढणं कायद्यानं लॉटरीच होते. ती चादर सरळ बोली लावून विका. बहुतेक वेळा तिकिटांपेक्षा बरे पैसे येतात.

स्वीकारणाऱ्या संस्थेच्या बाजूने

पैसे देण्याआधी आमच्याकडून या गोष्टी मागा: धर्मादाय नोंदणीचं प्रमाणपत्र, १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जीचे आदेश (त्यांची मुदत संपण्याची तारीख बघा, ती कायमची नसतात), मागच्या वर्षाचा लेखापरीक्षित ताळेबंद आणि संस्थेच्याच नावाचा रद्द केलेला धनादेश. हे मागितल्यावर जी संस्था नाराज होते तिला पुढं हिशेब मागणंही जड जातं.

पेटीतल्या पैशाबद्दल एक भर घालते. देणाऱ्याचं नाव-पत्ता नसलेली देणगी आयकरात निनावी धरली जाते. एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यातली जी रक्कम मोठी, तिच्यावरच्या निनावी देणगीवर ३० टक्के कर लागतो. छोट्या संस्थेला ही मर्यादा सहसा आड येत नाही, पण दहा कारखान्यांच्या पेट्या एकाच संस्थेकडे आल्या की येते. पेटीशेजारी वही ठेवा, नाव आणि पत्त्याचे रकाने भरून घ्या. रक्कम लिहायची सक्ती नको.

पुण्यात किंवा अमेरिकेत गेलेले जुने सहकारीही पैसे पाठवू बघतात. भारतीय नागरिक असलेल्यानं परदेशातून स्वतःच्या बचतीतून पाठवले तर अडचण नाही. ज्यानं परदेशाचं नागरिकत्व घेतलंय त्याचे पैसे एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी नसलेल्या संस्थेनं घ्यायचे नाहीत, अगदी १,००० रुपयेही नाहीत. त्याचे पैसे इथल्या मित्राच्या खात्यातून फिरवून देऊ नका. अडचणीत आमची संस्था येते.

फोटो. बालगृहातल्या मुलांना ओळीत उभं करून हातात दप्तर देतानाचा फोटो मागू नका. बाल न्याय कायदा २०१५च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी त्या मुलाला वर्गात तो फोटो दाखवला जातो, हे ध्यानात घ्या. दप्तरांचा फोटो काढा, अभ्यासिकेच्या नव्या दिव्यांचा काढा.

जुने कपडे: १०० किलो आले तर वापरता येण्याजोगे त्यात अर्धेही नसतात. निवडायला आमची दोन माणसं चार दिवस अडकतात. कपडे गोळा करायचेच असतील तर फक्त एकच प्रकार मागा. चादरी म्हटलं की चादरी, स्वेटर म्हटलं की स्वेटर.

पगारपत्रक सांभाळणारे, पुन्हा

कुणीतरी विचारलंय की कामगारांची वर्गणी कंपनीच्या सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीनं कायद्यानं करायच्या सामाजिक खर्चात, धरता येईल का. नाही. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ खालचे २ टक्के कंपनीच्या नफ्यातूनच जायला हवेत. कामगारांनी ८४,००० दिले आणि कंपनीनं तेवढेच स्वतःचे घातले, तर कंपनीचा वाटा धरता येतो, तोही संस्थेची सीएसआर-१ नोंदणी असेल तरच. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या कारखान्यांना हे कलम मुळी लागूच होत नाही. नक्त मत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक तरी असावं लागतं. पण जिथं लागू आहे तिथं कामगारांनी आधी आपली रक्कम जाहीर करून मग व्यवस्थापनाकडे तेवढीच मागावी. उलट क्रमानं गेलं की कामगारांना वाटतं कंपनी देतेय, आपण कशाला.

टॉवेल कारखान्यातून, पुन्हा

हिशेबाचा कागद कसा लावायचा, असं विचारलं होतं. सहा ओळी पुरतात: आठवड्यांची संख्या, पेटीतून आलेले, चिंध्यांचे मालकाकडून आलेले, संस्थेला दिलेले तारखेसह, पावती क्रमांक, शिल्लक. देणाऱ्यांची नावं लावायची की नाही यावर वाद होतो. आमचं मत, लावू नयेत. १० देणाऱ्याच्या शेजारी ५०० दिसले की पुढच्या आठवड्यापासून १० येणं थांबतं. शिल्लक ३४० रुपये राहिली तर तिचा चहा करायचा नाही. ती पुढच्या वर्षाची पहिली ओळ म्हणून लिहा, आणि जानेवारीत पेटी लावताना तोच कागद पेटीच्या वर चिकटवा.